मेणाचे चिलखत आणि न उमटलेला अंगठा

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या कचेरीत नोव्हेंबर महिना हा हयातीच्या दाखल्यांचा. म्हातारी माणसे सकाळच्या पहिल्या बसने येतात, व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसतात आणि आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला पटवून दुपारी घरी जातात. त्या दिवशी एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, अंगावर स्वच्छ धुतलेले लुगडे. सही येत नाही म्हणून अंगठा घ्यायचा होता. बोटांचे ठसे ओळखणाऱ्या यंत्राने आधीच नकार दिलेला, म्हणून मी शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी पदराखालून हात बाहेर काढला आणि माझा हात आपोआप मागे आला. बोटे आखडलेली, त्यातली दोन अर्धीच, आणि अंगठ्याचे पेर झिजून गुळगुळीत झालेले.

"बाब, आंगठो उमटना," त्या म्हणाल्या.

मी काय केले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. मी पॅड फूटपट्टीने त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी ते पाहिले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आतां तें ना, बाब. वखदां घेवन बरें जालें. हात मात अशेच उरले." शाईचा एक काळा डाग कागदावर उमटला, त्यात रेघ एकही नव्हती. त्या गेल्यावर मी शिपायाकडून टेबल पुसून घेतले.

रात्री जेवताना हे मी भाच्याला सांगितले. तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला. ऐकून आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "मामा, टेबल पुसलेत ते कोणाला मारायला? तो जंतू तीस वर्षांपूर्वीच मेला."

"मग बोटे कुठे गेली?"

"बोटे जंतूने खाल्ली नाहीत. शरीराला जो राग आला त्यात नसा गेल्या, नसांपाठोपाठ बोटे गेली. आणि तो राग सगळा जंतूच्या कोटावर होता."

मंडळी, मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला कारकून. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच तुटला. पण जंतूचा कोट आणि शरीराचा राग ही जोडी डोक्यातून जाईना. त्या दिवसापासून जमेल तसे वाचत गेलो. जे हाती लागले ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी इथे मांडतो आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो. महारोग, रक्तपिती, कुष्ठ ही आपल्याकडची जुनी नावे. संस्कृतातल्या 'कुष्ठ' या शब्दाचेच झिजून 'कोड' झाले, पण मराठीत कोड म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग. त्या डागांचा या रोगाशी काहीएक संबंध नाही. त्यात जंतू नसतो, ते कोणाला लागत नाहीत, तिथली संवेदनाही जात नाही. तरीही केवळ शब्दांच्या नात्यामुळे कोड असलेल्या किती मुलींची लग्ने मोडली असतील याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. उलट खऱ्या कुष्ठरोगाचा डाग दिसायला साधा, फिकट किंवा तांबूस, न खाजणारा, न दुखणारा. त्याची खूण डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. त्या जागी स्पर्श, ऊब, टाचणी, काहीच समजत नाही.

या रोगाच्या इतिहासात आपल्या गोव्याचे एक नाव फार लवकर येते, हे मला ठाऊक नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, जुन्या नाण्यांचे आणि शिलालेखांचे अभ्यासक. १८६० च्या दशकात त्यांनी कुष्ठरोग्यांवर एक देशी औषध चालवले. ते कडू कवठाच्या बियांच्या तेलावर आधारलेले होते. कडू कवठाची झाडे कोकण-गोव्याच्या रानात आजही आहेत. भाऊंनी औषधाचा तपशील जाहीर केला नाही, त्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. पण त्याच जातीच्या झाडांचे तेल, म्हणजे चौलमुग्राचे तेल, पुढे १९४० च्या दशकापर्यंत जगभर या रोगाचे मुख्य औषध होते. ते पोटात घेतले की मळमळून यायचे आणि टोचले की गाठी व्हायच्या. हवाईमध्ये ॲलिस बॉल नावाच्या कृष्णवर्णीय तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने १९१५ च्या सुमारास त्याला टोचण्याजोगे रूप दिले आणि १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तेलाचा गुण थोडाफार यायचा, बरे मात्र क्वचितच कोणी व्हायचे.

मुंबईतच त्या काळी आणखी एक डॉक्टर या रोगामागे लागले होते. हेन्री व्हँडाइक कार्टर. वैद्यकीचे विद्यार्थी ज्या 'ग्रेज ॲनाटॉमी' या ग्रंथाची पारायणे करतात, त्याच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे याच माणसाने काढलेली. त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. रोगी पाहून, नसा चिरून, चित्रे काढून त्यांनी या रोगाचा अभ्यास केला. रोग आनुवंशिक की संसर्गजन्य, हा तेव्हाचा मोठा वाद. त्याचे उत्तर शोधायला कार्टर १८७३ मध्ये थेट नॉर्वेला गेले.

नॉर्वेच का, तर त्या काळी युरोपात हा रोग सर्वांत जास्त तिथे होता. आपण त्याला उष्ण देशांचा, गलिच्छ वस्तीचा रोग समजतो. पण बर्गन हे पावसाचे, थंडीचे, मासळीच्या व्यापाराचे बंदर आणि आजूबाजूची मच्छीमार खेडी हे त्याचे घर होते. तिथल्या सरकारने १८५६ मध्ये एक काम केले, ते वाचून माझ्यातला कारकून सुखावला. त्यांनी देशातल्या प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंदवही सुरू केली. नाव, गाव, नातेवाईक, रोगाचा प्रकार, कधी सुरू झाला, कधी संपला. एका रोगाच्या साऱ्या राष्ट्रभरच्या रुग्णांची अशी नोंदवही जगात ही पहिलीच मानतात. सुरुवातीला तीन हजारांच्या आसपास नावे होती. २००१ मध्ये युनेस्कोने बर्गनचे हे कुष्ठदप्तर जागतिक स्मृतिठेव्यात घेतले. आवक-जावक रजिस्टरात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला एवढा गौरव पुरेसा आहे.

बर्गनमध्ये दानिएल दानिएलसेन हे या रोगाचे सर्वांत मोठे अधिकारी. त्यांनी कार्ल विल्हेल्म बोक यांच्याबरोबर १८४७ मध्ये त्यावरचा पहिला शास्त्रीय ग्रंथ लिहिला. रोग रक्तातून, म्हणजे घराण्यातून येतो हे त्यांचे ठाम मत. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी रोग्यांच्या गाठींतला मजकूर स्वतःला टोचून घेतला. काही झाले नाही. त्यांचे मत आणखी पक्के झाले. आणि त्यांचाच जावई, गेरहार्ड आर्मौएर हान्सेन, नोंदवह्या चाळून बरोबर उलट्या निष्कर्षाला आला. रोग्यांना वेगळे ठेवले की त्या भागात नवे रोगी कमी होतात असे आकडे सांगत होते. २८ फेब्रुवारी १८७३ रोजी एका रोग्याच्या गाठीतल्या रसात त्याला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्या दिसल्या. १८७४ मध्ये त्याने त्या प्रसिद्ध केल्या. माणसाच्या जुनाट रोगाचे कारण म्हणून दाखवलेला हा पहिलाच जिवाणू. भाऊ दाजी त्याच १८७४ मध्ये वारले. कार्टर मात्र हान्सेनच्या बाजूने वळून हिंदुस्थानात परतले.

हान्सेनची गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण काड्या दिसतात म्हणून त्या रोग करतात असे सिद्ध होत नाही. तसे करण्यासाठी १८७९ मध्ये त्याने रुग्णालयातल्या एका बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला मजकूर सुईने टोचला. बाईला नव्या गाठी आल्या नाहीत, पण तिने तक्रार केली. खटला उभा राहिला आणि १८८० मध्ये हान्सेनची रुग्णालयातली जागा गेली. देशाचा कुष्ठ अधिकारी म्हणून तो कायम राहिला. एका गरीब रोगी बाईची तक्रार एकशेचाळीस वर्षांपूर्वी न्यायालयाने मान्य केली, याचे मला राहून राहून नवल वाटते.

त्याच १८७९ मध्ये जर्मनीचा आल्बर्ट नाइसर बर्गनला आला, हान्सेनने उदारपणे दिलेले नमुने घेऊन गेला, त्यांना नव्या रंगांनी चांगले रंगवले आणि शोध आपलाच म्हणून सांगू लागला. वाद पुढे हान्सेनच्या बाजूने मिटला. पण नाइसरचे रंग आपल्याला आपल्या मूळ विषयाकडे, म्हणजे त्या कोटाकडे, आणतात.

हा जिवाणू रंगच घेईना. त्यामुळेच तो इतकी शतके दडून राहिला. १८८२ मध्ये पाउल एर्लिखने क्षयाच्या जंतूबद्दल एक गंमत पाहिली. त्याला रंग चढवणे महाकठीण, पण एकदा चढला की आम्लाने धुतले तरी उतरत नाही. झील आणि नीलसन यांनी १८८२–८३ मध्ये ही रीत सुधारली. काचेवर नमुना पसरायचा, लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत ऊब द्यायची, मग आम्लाने धुवायचे आणि शेवटी निळा रंग. बाकी सगळे निळे होते, हा जंतू तेवढा लाल राहतो. कुष्ठाचा जंतू त्याच घराण्यातला, फक्त त्याला आम्ल थोडे सौम्य लागते. भाच्याने मला असा एक नमुना दाखवला. निळ्या भुईवर लाल काड्या, एकट्या नव्हेत, तर विड्यांच्या बंडलासारख्या एकत्र बांधलेल्या. पाहिल्यावर वाटले, ही एवढीशी चीज.

आम्लाला दाद न देणारे हे आवरण कसले, हे कळायला आणखी पन्नासेक वर्षे गेली. अमेरिकेत येल विद्यापीठात रुडॉल्फ अँडरसन आणि त्यांचे सहकारी क्षयाच्या जंतूतले मेद वेगळे काढत बसले होते. १९३८ मध्ये त्यांनी त्यातून एक मेणासारखे आम्ल काढले आणि त्याला मायकोलिक ॲसिड म्हटले. त्याची लांबी कळावी म्हणून घरचे उदाहरण देतो. आपल्या खोबरेल तेलातल्या मुख्य मेदाम्लात कार्बनचे बारा अणू असतात. या मायकोलिक आम्लांत साठ ते नव्वद.

भाच्याने कागदावर आवरणाचे थर काढून दाखवले तेव्हा मला आमच्या आजोळचे मातीचे घर आठवले. पावसाळ्यापूर्वी भिंतीला माडाची चुडते बांधत, तसेच हे. आत जिवाणूचा पातळ पडदा. त्यावर साखर आणि प्रथिनांच्या तुकड्यांची विणलेली जाळी, ती भिंत. भिंतीला बांधलेले साखरेचे लांब दोर, ते सुंभ. दोरांच्या टोकांना मायकोलिक आम्लाची दाट मेणचट झड, ती चुडते. आणि झडीच्या बाहेरून आणखी एक लेप, ज्याच्याविषयी पुढे सांगतो. शिवाय आतल्या पडद्यात रुतून बाहेर डोकावणारे साखर-मेदाचे खुंट आणि मेद चिकटलेली प्रथिने. पाणी, आम्ल, बरीचशी औषधे, कशाचाही या झडीवर चटकन परिणाम होत नाही.

या जंतूची दुसरी खोड म्हणजे तो प्रयोगशाळेतल्या कोणत्याही खाद्यावर वाढत नाही. हान्सेनने प्रयत्न केला, त्यानंतर शेकडोंनी केला, आजही यश नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांच्या चमूने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठगाठींतून एक जिवाणू वाढवून दाखवला. तो कुष्ठाचा नव्हे, त्याच घराण्यातला दुसरा निघाला. पण त्याच्या अंगावरचे काही रेणू सारखे असल्यामुळे पुढे डॉ. म. ग. देव यांनी त्यापासून लस बनवली. १९६० मध्ये अमेरिकेत शेपर्डने उंदराच्या तळपायात कुष्ठाचा जंतू वाढवला. तळपायातच, कारण या जंतूला थंडावा लागतो. माणसातही तो नाक, कानाच्या पाळ्या, हात, पाय अशा गार जागी राहतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. इतर जिवाणूंना वीस-तीस मिनिटे पुरतात. मग १९७१ मध्ये कळले की आर्माडिलो नावाच्या, अंगावर खवल्यांचे कवच असलेल्या अमेरिकन प्राण्यात तो भरपूर वाढतो. त्या प्राण्याचे शरीरही आपल्यापेक्षा गार असते. एका चिलखतवाल्या जंतूसाठी शास्त्रज्ञांना शेवटी चिलखतवालाच प्राणी सापडावा!

आर्माडिलोमुळे जंतू पुरेसा मिळू लागला आणि १९८०–८१ मध्ये कोलोरॅडोत पॅट्रिक ब्रेनन यांच्या गटाने तो बाहेरचा लेप वेगळा काढला. मेदाच्या दांडीवर तीन साखरा बसवलेला हा रेणू. त्याचे नाव फिनॉलिक ग्लायकोलिपिड-१. ही तीन साखरांची रचना फक्त कुष्ठाच्या जंतूत असते. जणू त्याच्या कोटावरचा बिल्ला.

आता शरीराच्या रागाकडे येऊ. वैद्यक त्याला दाह म्हणते: लाली, सूज, ऊब, वेदना. १९१९ मध्ये जपानच्या केन्सुके मित्सुदाने मेलेल्या कुष्ठजंतूंचा अर्क रोग्यांच्या कातडीत टोचून पाहिला. काहींच्या हातावर तीन-चार आठवड्यांनी गाठ आली, काहींच्या काहीच नाही. ज्यांना गाठ आली त्यांचा रोग थोड्या डागांपुरता असे. ज्यांना आली नाही त्यांच्या अंगभर जंतू माजलेले. म्हणजे जंतू तोच, कोट तोच, वेगळा असतो तो माणूस. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांच्या मधल्या साऱ्या पायऱ्या नीट लावून दिल्या. आणि दानिएलसेनला स्वतःला टोचून का काही झाले नाही याचेही उत्तर इथेच आहे. बहुसंख्य माणसांचे शरीर या जंतूला मुळी थाराच देत नाही.

शरीर जंतूला ओळखते कसे, हे कोडे १९९० च्या दशकात उलगडले. १९९६ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल हॉफमन यांना माशीत आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या ब्रूस बॉयट्लर यांना उंदरात असे दिसले की पेशींवर काही पहारेकरी रेणू असतात. ते जंतूच्या भिंतीचे तुकडे चाचपून ओळखतात आणि हाकाटी करतात. त्यांना टोल-सदृश ग्राहक म्हणतात. २०११ चे नोबेल या कामाला मिळाले. कुष्ठाच्या जंतूवरची मेद चिकटलेली प्रथिने त्यांतल्या दोन नंबरच्या पहारेकऱ्याला सापडतात, हे २००३ मध्ये दाखवले गेले. हाकाटी झाली की पांढऱ्या पेशी धावतात, दाहाची रसायने सुटतात. जंतू कातडीत असेल तर डाग सुजतो. नसेत असेल तर नस सुजते, आणि नसेला फुगायला जागा नसते. कोपराशी, गुडघ्याशी ती दाबली जाते आणि मरते.

पण जंतू नसेत शिरतो कसा? इथे तो बिल्ला कामाला येतो. २००० मध्ये असे दिसले की या तीन साखरांच्या आधारानेच जंतू नसेच्या वेष्टणावरच्या एका प्रथिनाला चिकटतो. २०१७ मध्ये ललिता रामकृष्णन यांच्या गटाने आणखी पुढचे दाखवले. वडोदऱ्यात वाढलेल्या आणि तिथल्याच मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या या बाई. त्यांनी पारदर्शक झेब्रा माशांच्या पिलांत, दुसऱ्या एका जंतूला हा लेप चढवून, जिवंतपणी नसा पाहिल्या. लेप नसेल तर नस शाबूत. लेप असेल तर त्या रेणूला भिडलेल्या पांढऱ्या पेशी एक विषारी वायू सोडतात आणि शेजारच्या नसेचे वेष्टण सोलून निघते. नस कुरतडणारे हात आपल्याच पेशींचे होते. भाचा जेवताना म्हणाला होता ते हेच.

नस गेली की पुढचे सरळ आहे. चुलीवरचे गरम भांडे उचलताना चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही. जखम चिघळते, हाड झिजते. बोटे "गळून" पडत नाहीत. वेदना नसल्यामुळे ती रोज थोडी थोडी खर्च होतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे ओळखले आणि आखडलेल्या बोटांना दुसरीकडचे स्नायुबंध जोडून ती पुन्हा उघडणारी शस्त्रक्रिया सुरू केली.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठालयात प्रोमिन हे औषध लागू पडले. त्यातूनच आलेली डॅप्सोनची स्वस्त गोळी १९५० च्या दशकात आपल्याकडेही पोचली. १९६४ मध्ये जंतू तिला पुरून उरतो असे सिद्ध झाले. मग १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन. सहा महिने किंवा वर्षभराच्या या उपचाराने रोग पुरता बरा होतो. रिफाम्पिसिनच्या पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत रोगी दुसऱ्याला संसर्ग देऊ शकत नाही.

इथे मात्र कोटाची शेवटची करामत दिसते. जंतू दिवसांत मरतो, पण त्याचे मेणचट सांगाडे शरीराबाहेर पडायला वर्षे लागतात. मेलेल्या जंतूच्या भिंतीचे तुकडे पाहूनही पहारेकरी हाकाटी करत राहतात. म्हणून उपचार चालू असताना, कधी कधी तो संपल्यावरही, अचानक ताप येतो, अंगावर लाल दुखऱ्या गाठी उठतात, नसा सुजतात. लोकांना वाटते औषध बाधले, आणि ते गोळ्या फेकून देतात. १९६४ मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन यांनी अशाच वेदनांनी तळमळणाऱ्या एका रोग्याला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले. गर्भातल्या हजारो बाळांचे हातपाय हिरावल्यामुळे १९६१ मध्ये बाजारातून काढून घेतलेले हे औषध. रोगी झोपला, आणि दोन-तीन दिवसांत गाठी ओसरल्या. ते दाहाच्या एका मुख्य रसायनाला आळा घालते, हे १९९१ मध्ये कळले. काटेकोर बंधने पाळून ते आजही या कामी वापरतात. नसांसाठी मुख्य औषध मात्र स्टेरॉइड, आणि ते वेळेवर मिळाले तर हात वाचतो.

आपल्याकडच्या संस्थांचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मुंबईत १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांचा आश्रम काढला. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. आणि हेच ॲकवर्थसाहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले! रस्त्यावरचा रोगी आणि रस्त्यावरचा शाहीर, दोघांकडे एकाच अधिकाऱ्याचे लक्ष गेले. गोव्यात बाणावलीचे डॉ. फ्रोयलान द मेलो, सूक्ष्मजीवशास्त्रातले मोठे नाव, यांनी १९३० च्या दशकात सासष्टीतल्या मकाझनला कुष्ठालय उभारले. बाबा आमट्यांच्या आनंदवनावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती करत नाही.

कायदा मात्र जंतूपेक्षाही सावकाश हलला. रोग्यांना पकडून कोंडण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण देशातल्या विवाहकायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले. २००५ च्या अखेरीस देशाने या रोगाचे 'निर्मूलन' जाहीर केले, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी. रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता. जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही आपल्याच देशात सापडतात.

असो. मागच्या नोव्हेंबरात त्या आजी पुन्हा आल्या. मी उठून खुर्ची पुढे केली, "बसात, माये" म्हटले. या खेपेस पॅड माझ्या हातात होता. मी त्यांचा हात धरून अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर. हात ऊबदार आणि खरबरीत होता, कष्टाच्या माणसाचा असतो तसा. ठसा तसाच आला, बिनरेघांचा काळा डाग. त्याखाली लिहिले, "ही निशाणी माझ्यासमक्ष केली", आणि साक्षीदार म्हणून सही केली. नियम दोन वर्षांपूर्वीही हाच होता, मला तो तेव्हाही ठाऊक होता. जाताना त्यांनी विचारले, "बाब, पुराय जालें मरे?" मी होय म्हटले.

वाचकहो, तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा फिकट डाग असेल, तर त्यावर कापसाचा बोळा फिरवून पाहा. स्पर्श कळला नाही तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट मिळते. आणि वेळेत घेतले तर अंगठ्यावरच्या रेघा जागच्या जागी राहतात.